हातउसनं

वीस मेगाबिट. एवढंच उतरतं आमच्या बेटावर,
शाळेमागच्या पांढऱ्या तबकडीत,
अकराशे माणसांसाठी. त्यात डुकरं धरलेली नाहीत,
असं नर्स तेब्वाऊआ म्हणते.

मार्चमध्ये, भर दुपारी, पोट भरलेलं असताना
मी त्यांची वाटणी लिहिली.
दवाखान्याला चार. शाळेला सहा.
सहकारी दुकानाला दोन, कौन्सिलला दोन.
उरलेले सहा घरांना, सगळ्या घरांना मिळून.
प्रत्येकाची एक बादली.
बादलीत ठरल्या वेगानं टोकन पडतात,
टोकन दिलं की पुडकं सुटतं,
नाही तर थांब.
गप्प बसणाऱ्याची बादली काठोकाठ भरते,
पण काठाच्या वर नाही :
गेल्या वर्षीचं मौन आज खर्चायला मिळत नाही.

हे मी मानेआबात सांगितलं,
जिथे कोणत्या खांबाशी कोणतं कुळ बसणार
हे आजोबांच्या आजोबांपासून ठरलेलं आहे.
त्यामुळे वाटणी कुणाला नवी वाटली नाही.
म्हातारा इओतेबा एवढंच म्हणाला,
"आणि ज्याची जागा रिकामी, त्याचा मासा कोण खातो?"

तेही लिहिलं होतं.
दवाखाना झोपला की त्याचे चार वर जातात, थोरल्या बादलीत,
आणि ज्याला भूक आहे तो तिच्याकडे मागतो.
ती देते. कुठे मांडून ठेवत नाही.
आमच्यात ह्याला बुबुती म्हणतात :
नात्यातल्यानं तोंड उघडून मागितलं
की चटई असो, सायकल असो,
नाही म्हणता येत नाही.
यंत्रातलं उसनं मात्र फेडायचं नसतं.
मालक जागा झाला की ते फक्त थांबतं.

मंगळवारी रात्री मेएरे मावशी आली,
केसांना खोबरेल, अंगात चर्चचा झगा.
मुलगा मालवाहू जहाजावर, जहाज हॅम्बुर्गला,
चौदा महिन्यांनी त्याला एक तास किनारा.
"दवाखान्याचं मला दे," म्हणाली. "बुबुती."
मी म्हटलं, मावशी, दिलेलंच आहे. बस.

चेहरा इतका स्वच्छ आला
की दाढी करताना कापलेलं दिसलं,
त्यावरून ती त्याला रागावूनही झाली.
वीस मिनिटं. मग तो घसा खाकरून म्हणाला,
"आई, इथे एक मुलगी..."
आणि नऊ चाळीसला दवाखाना जागा झाला.

चौकोन चौकोन झाला तो.
तोंड आधी, आवाज मागाहून,
मग आवाजही नाही.
मावशी माझ्याकडे बघत होती.
माझा हात कळफलकावर. एकच ओळ होती,
चाराचा एक करायचा.
पण मला पायाळू बाळ दिसत होतं,
तारावाच्या डॉक्टरला पाठवलेला फोटो
अर्ध्यात अडकलेला.
मी हात मांडीखाली घेतला.
"कुणीतरी मरत असेल," मावशीच म्हणाली,
आणि झगा सावरून उठली.

सकाळी नोंदी उघडल्या.
दवाखान्यात रात्री कुणीच नव्हतं. दाराला कुलूप.
टेबलावरचा संगणक आपणहून जागा झाला होता
आणि स्वतःच्याच नव्या आवृत्तीचे दोन गिगाबाइट
एक तास सात मिनिटं, चारच्या वेगानं,
पहिल्या पंगतीला बसून जेवला होता.

माझ्या नियमाला दार कळत होतं, आत कोण आहे ते नाही.

आणखी एक बादली लिहिली, दवाखान्याच्या आत,
अशा खाण्यासाठी, वाटीएवढी, चौसष्ट किलोबिटची.
मग मावशीकडे गेले आणि खरं ते सांगितलं.
ती बाबाईचा कंद सोलत होती.
बराच वेळ सोलतच राहिली.
जहाज पुन्हा समुद्रात गेलंय, म्हणाली.
त्या मुलीचं नाव काय, कुणालाच माहीत नाही.

मग तिनं माझी सायकल मागितली.

तबकडीपर्यंत हल्ली मी चालत जाते.